आड घेतलेला विरह : मुंबई परिसरातील तैलचित्र आणि चित्रकाराचे खासगी दुःख

विरार पूर्वेला, जीवदानीच्या डोंगरालगत आणि पापडखिंड धरणाच्या बाजूला वसलेला फुलपाडा आज वसई-विरार महानगरातील दाट वस्तीचा भाग असला, तरी चित्रकलेच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याचे स्थान तीन परंपरांच्या मध्यावर आहे. उत्तरेला डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या तालुक्यांत वारली चित्रांचा प्रदेश सुरू होतो. पश्चिमेला वसईच्या किनारपट्टीवर सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी आणलेल्या ख्रिस्ती प्रतिमांचा वारसा आहे. आणि दक्षिणेला, १८६७ साली विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी ज्या मार्गावर धावली त्या लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, १८५७ साली स्थापन झालेले सर जे. जे. कलाविद्यालय आहे. स्वतःच्या आयुष्यातील वियोगाचे, मोडलेल्या प्रेमाचे किंवा कायमच्या ताटातुटीचे दुःख चित्रकाराने तैलरंगांत आणि प्रतीकांच्या आधाराने रंगवावे, ही गोष्ट या टापूत केव्हा आणि कशी शक्य झाली, हा प्रश्न या तिन्ही परंपरा एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय सुटत नाही.

प्रतीकात्मक चित्र म्हणजे ज्यात रंगवलेली वस्तू स्वतःपुरती न राहता दुसऱ्या एखाद्या भावाची किंवा विचाराची जागा घेते असे चित्र. दिवा हा केवळ दिवा नसतो, रिकामी शेज ही केवळ शेज नसते. अशी प्रतीके महाराष्ट्राला नवी नव्हती. नवे होते ते चित्रकाराने स्वतःच्या दुःखासाठी ती वापरणे. दीर्घकाळ चित्रातले दुःख दुसऱ्या कोणाचे तरी असे, कधी देवीचे, कधी राजकन्येचे, कधी पुराणातल्या नायिकेचे, आणि चित्रकाराला स्वतःचे काही सांगायचे असलेच तर ते त्या परक्या दुःखाच्या आडूनच सांगावे लागे. ही आड पुढे गळून पडली असे सामान्यतः सांगितले जाते. प्रत्यक्षात ती गळून पडली नाही, तिचे रूप तेवढे बदलले.

वारली चित्रांपासून आरंभ करणे सोयीचे ठरते, कारण त्यांत खासगी दुःखाला मुळात जागाच नाही. शेणाने सारवलेल्या, गेरूने लाल केलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढला जाणारा लग्नचौक हा विवाहविधीचा भाग असून, तो सवाशिणी काढतात, मधोमध पालघाट देवी असते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री पुरोहित, त्याच्यासमोर गाणी म्हणते. चौक काढल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही. अशा चित्रावर कोणाची सही नसते आणि ते विधी आटोपल्यावर जपूनही ठेवले जात नाही. १९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी ही कला बाहेरच्या जगासमोर आणल्यावर आणि जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर व कापडावर नेल्यावर तिला कर्ता मिळाला, विषयही वाढले. तरीही तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरून नाचणाऱ्या त्या त्रिकोणी देहांच्या रांगेत एकट्याचे दुःख वेगळे काढून दाखवण्याची पद्धत रुजली नाही. याला उणीव मानणे चुकीचे होईल. ज्या चित्राचा उपयोग दोन माणसांना समाजाच्या साक्षीने एकत्र आणण्यासाठी होतो, त्याने वियोगाचा भार का वाहावा?

किनाऱ्यावरची गोष्ट निराळी होती. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत, सुमारे दोनशे वर्षे, किल्ल्यात आणि आसपासच्या गावांत ख्रिस्ती देवळे, मठ व पाठशाळा उभ्या राहिल्या. याच काळात गोव्यात १५४७ साली व्हाइसरॉय जुआंव द कास्त्रो याने आपल्या पूर्वाधिकाऱ्यांची व्यक्तिचित्रे करवून घेतली, तेव्हा गास्पार कोर्रेया या इतिवृत्तकाराच्या देखरेखीखाली ती रंगवणारा चित्रकार स्थानिक होता, आणि पश्चिम किनाऱ्यावरील देशी हाताने युरोपीय पद्धतीचे चित्र केल्याची ही एक अगदी आरंभीची नोंद आहे. व्यक्तिचित्रापेक्षाही येथे महत्त्वाची ठरते ती 'दुःखी माते'ची प्रतिमा. पुत्रवियोगाने व्याकुळ झालेल्या मरियेच्या उघड्या हृदयात सात तलवारी रुतलेल्या दाखवण्याची ही कॅथलिक परंपरा मरियेच्या सात दुःखांवरून आली. वर्षातून एकदा, १५ सप्टेंबरला, तिचा सण येतो. हृदय शरीराबाहेर काढून, त्यात शस्त्र रोवून दुःख दाखवावे ही कल्पना भारतीय चित्रपरंपरेला परकी होती. भक्ताला मात्र ती समजावून सांगावी लागत नव्हती. वसईच्या विजयानंतर येथील देवळांच्या मोठ्या घंटा मराठा सरदारांनी महाराष्ट्रभरच्या मंदिरांत नेऊन टांगल्या आणि त्यांपैकी काही अजूनही वाजतात. धातूला हे भाग्य लाभले, लाकडी फळीला आणि कापडाला ते सहसा लाभत नाही, कारण समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पावसाळा आणि वाळवी या तिघांपुढे रंगवलेली वस्तू फार काळ टिकत नाही.

तैलरंग हे माध्यम खासगी दुःखाला मानवले, याला एक साधे भौतिक कारण आहे. रंगद्रव्य जवसाच्या तेलात घोटले की जो रंग तयार होतो तो पाण्याच्या रंगाप्रमाणे बाष्पीभवनाने वाळत नाही, तर तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. पातळ थरालाही काही दिवस लागतात, जाड थराला महिने लागतात, आणि मुंबईच्या पावसाळी दमटपणात ही मुदत आणखी लांबते. त्यामुळे चित्रकाराला परत परत चित्राकडे येता येते, कालचा चेहरा आज सुरीने खरवडता येतो, त्यावर दुसरा चढवता येतो आणि तरीही खालच्या थराची छटा वर डोकावत राहते. रागमालेच्या लघुचित्रात रेषेची जागा कच्च्या आराखड्यातच पक्की होत असे आणि अपारदर्शक जलरंग तिच्यात भरला जाई, मनातला गोंधळ चित्रावरच निस्तरण्याची सवड तेथे फारशी नव्हती. मन बदलत असताना चित्रही बदलत ठेवण्याची ही सोय ज्या माध्यमात आहे, त्याचा उपयोग आपल्याकडे आरंभीची अनेक दशके मुख्यतः शेठजींच्या पगड्या आणि साहेबांच्या मिशा हुबेहूब उतरवण्यासाठी व्हावा, हा या इतिहासातला एक विनोदच म्हणावा लागेल.

त्या पगड्यांच्या बरोबरीने मुंबईतील तैलचित्रकारांच्या पहिल्या पिढ्यांनी हृदयभंगाचे एक महान चित्र मात्र हाताखालून घातले होते, आणि ते त्यांचे स्वतःचे नव्हते. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात कोरवून घेतलेल्या अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची कथा रंगवलेली आहे. नंदाला जवळजवळ त्याच्या मनाविरुद्ध प्रव्रज्या, म्हणजे भिक्षुदीक्षा, दिली जाते आणि त्याचा मुकुट त्याची पत्नी सुंदरी हिच्याकडे परत येतो. इंग्रज अभ्यासकांनी 'मरणोन्मुख राजकन्या' असे चुकीचे नाव दिलेले चित्र ते हेच. सुंदरीची मान ढळलेली आहे, पापण्या अर्ध्या मिटलेल्या आहेत, मागची दासी तिला सावरते आहे, आणि जवळच एक सेवक मुकुट हातात घेऊन उभा आहे. पती मेलेला नाही, तो परत मात्र येणार नाही, हे सगळे त्या एका रिकाम्या मुकुटाने सांगितले आहे. मृत्यूचे चित्र असते तर मुकुटाची गरज पडली नसती. मुकुट आहे म्हणूनच ते त्यागाचे आणि टाकले जाण्याचे चित्र ठरते. प्रतीकाची याहून काटकसरीची योजना महाराष्ट्राच्या चित्रकलेत क्वचितच सापडेल.

या चित्रांच्या तैलरंगातल्या प्रतिकृती प्रथम मेजर रॉबर्ट गिल याने केल्या. मद्रास लष्करातला हा अधिकारी १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याला नेमला. अनेक वर्षे तेथे राहून त्याने भव्य कॅनव्हास रंगवले आणि ते लंडनला धाडले. त्यांतले बहुतेक १८६६ साली सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळून गेले. गिलच्या सहवासात आलेली पारो ही स्थानिक स्त्री १८५६ साली वारली आणि तिच्यासाठी त्याने अजिंठा गावात बांधलेली कबर आजही दाखवली जाते. या प्रेमकथेवर ना. धों. महानोर यांनी 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले, पुढे त्यावर चित्रपटही निघाला, आणि मराठी वाचकाच्या मनात गिल हा विरही चित्रकार म्हणून कायमचा बसला. साहित्याने लावलेला हा अर्थ सुंदर आहे. इतिहासाचा पुरावा मात्र वेगळ्या दिशेने बोट दाखवतो. गिलने आपले दुःख नोंदवले ते दगडावर, चित्रात नव्हे. कॅनव्हासवर त्याचे काम दुसऱ्याचे दुःख जसेच्या तसे उतरवण्याचे होते, त्यासाठी त्याला वेतन मिळत होते, आणि सुंदरीच्या डोळ्यांत त्याने स्वतःचे काही मिसळले असते तर ती प्रतिकृती सदोष ठरली असती.

गिलचे काम जळाल्यावर जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या नव्या तैल-प्रतिकृती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नामांकित झालेले चित्रकार त्या तुकडीत होते. ग्रिफिथ्स यांनी सुंदरीच्या चित्राची करुणरसातली अजोड कृती म्हणून मुक्तकंठाने स्तुती केली. याही प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील आगीत नष्ट झाल्या. दोनदा रंगवलेले आणि दोनदा आगीत सापडलेले हे काम मुंबईच्या तैलचित्रकारांची पहिली मोठी शाळा होते. त्या शाळेत मुकुट कसा रंगवायचा ते शिकवले गेले, आपला मुकुट कोणता हे विचारले गेले नाही.

दुसऱ्याच्या विरहाची आड घेण्याची ही पद्धत चित्रकलेपेक्षा जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितलेल्या अष्टनायिकांपैकी, म्हणजे प्रेमाच्या आठ अवस्थांतील स्त्रियांपैकी, विरहोत्कंठिता, विप्रलब्धा आणि प्रोषितभर्तृका या तिघी वियोगाच्या आहेत: पहिली वाट पाहते, दुसरी संकेतस्थळी फसते, तिसरीचा पती परदेशी गेलेला असतो. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांच्या संग्रहात, परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायका जागोजागी भेटतात. ज्ञानदेवांच्या विरहिण्यांत हीच स्त्री भक्ताच्या जिवाचे रूप घेते. एवढ्या भरघोस परंपरेत कवीला किंवा चित्रकाराला 'हे माझे दुःख' असे म्हणावे लागतच नव्हते, कारण विरहिणी ही सर्वांची सामायिक मालमत्ता होती. रागमालाचित्रांत, म्हणजे रागरागिण्यांना मानवी रूप देणाऱ्या चित्रमालिकांत, तिच्याबरोबर हरीण, मोर, रिकामी शेज आणि दाटून आलेले ढग येत, आणि दख्खनी चित्रशाळांनीही ही भाषा आत्मसात केली होती.

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी ही विरहिणी तैलरंगांत आणली. १८९९ चे 'हंस-दमयंती', पायातला काटा काढण्याच्या निमित्ताने मागे वळून पाहणारी शकुंतला, या चित्रांत विरह आहे, प्रतीके आहेत, साडीच्या जरीचा लखलखाटही आहे, परंतु ती प्रतीके काव्यातून उचललेली आहेत आणि प्रेक्षकाला ती आधीपासून पाठ असतात. सयाजीराव गायकवाडांसाठी केलेली १४ पौराणिक चित्रे आणि १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला हललेला छापखाना यांमुळे ही नायिका राजवाड्यापासून चाळीतल्या भिंतीपर्यंत पोहोचली. ज्या चित्राची छापील प्रत हजारो घरांत लागायची आहे, त्यात चित्रकाराच्या घरातले काही असून चालत नाही. बाजाराची ही अट रविवर्मांनी मनापासून मान्य केली होती आणि त्यासाठी त्यांना दोष देणाऱ्या नंतरच्या टीकाकारांनी ग्राहकाशिवाय तैलचित्र कसे जगावे याचे उत्तर क्वचितच दिले.

जे. जे.च्या शिस्तीत घडलेल्या पिढीचे चित्र असेच आहे. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली विद्यार्थी म्हणून आले, तेथेच शिक्षक झाले आणि १९३१ साली निवृत्त झाले. या प्रदीर्घ काळाचा वृत्तांत त्यांनी 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' या १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात लिहून ठेवला. चित्रकाराने स्वतःबद्दल बोलायचे ते पुस्तकात, हा संकेत त्यात दिसतो. चित्र पौराणिक प्रसंगाचे, मिरवणुकीचे, लग्नसमारंभाचे किंवा मागणी आलेल्या व्यक्तीचे असे. व्यक्तिचित्राचा दर ठरलेला असे, मागणी नोंदवलेली असे, आणि मागणीशिवाय रंगवलेला मोठा कॅनव्हास ही चैन होती. स्वतःच्या हृदयभंगाचे चित्र कोणी नोंदवून करवून घेत नाही. त्यामुळे असे चित्र निर्माण होण्यासाठी चित्रकाराच्या मनात बदल होण्याआधी चित्रांच्या व्यवहारात बदल होणे आवश्यक होते.

तो बदल १९३०च्या दशकानंतर हळूहळू झाला. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी आपल्याबरोबर अभिव्यक्तिवादाची, म्हणजे बाह्य रूपापेक्षा आंतरिक तणाव रेषेत आणि रंगात उतरवणाऱ्या संप्रदायाची, ओळख आणली. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे कोणी न नोंदवलेले चित्र विकत घेण्याची सवय त्यांनी आणली. १९४७ साली सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, १९५२ साली काळा घोड्याला जहांगीर कलादालन उघडले, आणि चित्र आधी रंगवायचे व ग्राहक नंतर शोधायचा ही उलटी पद्धत मुंबईत रूढ होऊ लागली.

युरोपात आणि अमेरिकेत ही वाट त्याआधीच मळलेली होती. एडव्हर्ड मुंक याच्या १८९६ च्या 'वियोग' या तैलचित्रात पांढऱ्या वस्त्रातली स्त्री समुद्राकडे निघाली आहे, तिच्या केसांच्या बटा मागे उरलेल्या पुरुषाच्या छातीपर्यंत लांबत आल्या आहेत, आणि तो हात हृदयावर धरून उभा आहे. त्या स्त्रीच्या चेहऱ्याचे अवयव जवळजवळ पुसलेले आहेत. मेक्सिकोच्या फ्रीडा काहलो हिने १९३९ साली, दिएगो रिवेराशी घटस्फोट होत असताना, 'दोन फ्रीडा' हे चित्र केले. त्यात तिच्याच दोन प्रतिमा शेजारी बसल्या आहेत, दोघींची हृदये उघडी आहेत, एकच रक्तवाहिनी दोघींना जोडते, आणि पांढऱ्या पोशाखातली फ्रीडा तिचे तुटलेले टोक चिमट्याने दाबून धरते. वसईच्या किनाऱ्यावर दुःखी मातेच्या रूपाने ओळखीची झालेली उघड्या हृदयाची खूण येथे थेट चित्रकर्तीच्या नावावर आली. मेक्सिकोतही कॅथलिक प्रतिमा घरोघर होत्या. तिथली चित्रकर्ती दुःखी मातेची तलवार काढून स्वतःच्या हृदयात रोवू शकली, तसे मुंबईत झाले नाही.

मुंबईत काय झाले ते मकबूल फिदा हुसेन यांच्या एका चित्रावरून स्पष्ट होते. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांची आई ते तान्हे असतानाच वारली. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता आणि तिचे छायाचित्रही घरात नव्हते, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले. वडील इंदूरला गेले, मुलगा पुढे मुंबईत आला, सिनेमाचे फलक रंगवू लागला, लाकडी खेळणी व फर्निचरचे आराखडे करू लागला, आणि १९५५ साली ललित कला अकादमीच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात 'जमीन' या तैलचित्रासाठी सन्मानित झाला. त्याच सुमारास, १९५६ साली, 'कोळी आणि दिवा यांच्यामध्ये' या अर्थाच्या नावाचे उभे तैलचित्र त्यांनी बोर्डावर रंगवले.

या चित्रात पाच स्त्रिया आहेत, त्यांच्या देहांचा घाट प्राचीन शिल्पांची आठवण करून देतो, आणि तरीही त्या एकमेकींशी बोलत असल्याचे कोठेही जाणवत नाही. वरच्या बाजूने एक तेलाचा दिवा लोंबतो आहे. तेथेच काही अक्षरे आहेत, ती ब्राह्मीसारखी दिसतात, पण कोणत्याही लिपीत वाचता येत नाहीत. नृत्याच्या एखाद्या क्षणी थिजून गेल्यासारख्या उभ्या असलेल्या एका स्त्रीच्या हातातून एका धाग्यावर मोठा कोळी खाली सुटलेला आहे. दिवा आणि कोळी यांना जोडणारी कोणतीही पुराणकथा प्रेक्षकाच्या हाताशी नाही. दिवा वरून येतो, कोळी खाली जातो, आणि मधले अंतर या न बोलणाऱ्या स्त्रियांनी व्यापले आहे. शब्द आहेत पण वाचता येत नाहीत, धागा आहे पण त्याच्या टोकाला विषारी जीव आहे. सुंदरीच्या मुकुटाचा अर्थ कथा ठाऊक असणाऱ्या प्रत्येकाला लागत होता. येथे कथाच काढून घेतलेली असल्यामुळे प्रतीक उघडे पडले आहे आणि त्याच वेळी बंदही झाले आहे.

समीक्षकांना ही बंद दारे सोसवली नाहीत. या पाच जणी म्हणजे अहल्या, द्रौपदी, कुंती, तारा आणि मंदोदरी या पंचकन्या असाव्यात, असे काहींनी सुचवले. पाचही जणी पतीमुळे किंवा पुरुषांमुळे दुःख भोगलेल्या आहेत, त्यामुळे सूचना अगदीच निराधार म्हणता येत नाही. तिच्यातून समीक्षेची सवय मात्र उघडी होते. चित्रकाराने ज्या आडोशावाचून काम भागवले होते, तोच पुराणाचा आडोसा त्यांनी पुन्हा आणून उभा केला. दुसरी सवय याच्या नेमकी उलट आणि तितकीच घातक आहे. १९५६ सालीच हुसेन यांचे प्रागमध्ये प्रदर्शन भरले. तेथे दुभाषी म्हणून भेटलेल्या तरुणीवर ते अनुरक्त झाले, प्रदर्शनातली चित्रे त्यांनी तिला देऊन टाकली, लग्नाचा प्रस्ताव तिने नाकारला, आणि सुमारे पन्नास वर्षांनी तिने ती चित्रे त्यांना परत केली. वर्ष जुळते म्हणून न वाचता येणारी अक्षरे म्हणजे परकी भाषा आणि कोळी म्हणजे नकार, असे गणित मांडणे फार सोपे आहे. दोन घटना एकाच वर्षी घडल्या एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही, आणि चित्राला अशा रीतीने आत्मचरित्राची तळटीप केल्यास पाहण्यासारखे काही उरत नाही.

अधिक भक्कम धागा आहे तो आईचा, कारण तो चित्रकाराने स्वतः दिला आहे आणि तो एका चित्रापुरता नाही. हुसेन यांच्या स्त्रियांना अनेकदा चेहरा नसतो. १९८०च्या सुमारास सुरू झालेल्या मदर तेरेसांवरील चित्रमालिकेत निळ्या काठांची पांढरी साडी आहे, मांडीवरचे मूल आहे, आणि चेहऱ्याच्या जागी पोकळी आहे. २००० साली आलेल्या 'गजगामिनी' या त्यांच्या चित्रपटात नऊवारीतली, गाठोडे घेतलेली स्त्री पुन्हा तीच हरवलेली आई आहे. ज्या चेहऱ्याची स्मृतीच नाही तो रंगवता येत नाही, आणि दुसऱ्या कोणाचा चेहरा तेथे बसवणे ही फसवणूक झाली असती. मुंकच्या चित्रातल्या स्त्रीचा चेहरा पुसला गेला, कारण ती सोडून चालली होती; हुसेन यांच्या चित्रांत तो मुळापासूनच नाही. काहलोने स्वतःचा चेहरा दोनदा रंगवून दुःख सांगितले. हुसेन यांनी दुसऱ्याचा चेहरा रिकामा ठेवून ते सांगितले, आणि हा रिकामेपणाच त्यांची आड झाला. विरहिणी, दमयंती, सुंदरी यांच्या जागी आता न वाचता येणारी अक्षरे आणि अवयवहीन चेहरा आले. खासगी दुःख चित्रात शिरले, पण नाव न सांगता.

नाव न सांगण्यामागे भीड होती तशी भीतीही होती. १९५४ साली अकबर पदमसी यांच्या जहांगीरमधील प्रदर्शनातली स्त्री-पुरुषांच्या जवळिकीची दोन चित्रे अश्लील ठरवून पोलिसांनी ती उतरवायला सांगितली. त्यांनी नकार दिल्यावर खटला झाला, आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. चित्रकार जिंकला खरा, तरी खासगी आयुष्य भिंतीवर टांगण्याची किंमत काय असू शकते हे साऱ्या मुंबईला त्यातून कळले. प्रतीकाकडे वळण्याची चित्रकारांची ओढ केवळ सौंदर्यदृष्टीतून आली असे मानण्याचे कारण नाही. पुढच्या पिढीत प्रभाकर बरवे यांनी घड्याळ, पान, फळ यांसारख्या नित्याच्या वस्तूंना अशाच अबोल भाषेत आणले आणि 'कोरा कॅनव्हास' या पुस्तकात वस्तू व प्रतिमा यांच्या नात्याची मराठीत चिकित्सा केली. तोवर तैलरंगांची मक्तेदारी संपत आली होती: बरवे यांनी अनेक चित्रांसाठी इनॅमल वापरले, आणि पाण्यात मिसळणारा व तासाभरात वाळणारा अॅक्रिलिक रंग सर्वत्र पसरला.

या बदलाचा परिणाम फुलपाड्यासारख्या वस्तीत सहज कळण्यासारखा आहे. जेथे एकाच खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि झोप होते, तेथे टर्पेंटाइनचा उग्र वास आणि महिनाभर ओला राहणारा कॅनव्हास ठेवणे अवघड जाते, आणि पावसाळ्यात डोंगराकडून येणाऱ्या ओलीने न वाळलेल्या रंगावर बुरशी धरते. वसईत दृश्यकला महाविद्यालय आहे, लोकलने जे. जे. गाठता येते, शिक्षणाची दारे पूर्वीपेक्षा उघडी आहेत; परंतु पुन्हा पुन्हा खरवडून रंगवण्याची सवड देणारे संथ माध्यम जागेच्या टंचाईमुळे मागे पडले आहे.

ग्राहकाचा प्रश्नही मिटलेला नाही. 'कोळी आणि दिवा यांच्यामध्ये' हे चित्र प्रदर्शनात आले तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली, पण ८०० रुपये किमतीलाही कोणी ते घेतले नाही आणि ते चित्रकाराकडेच राहिले. त्याच्या दोन वर्षे आधीचे, १९५४ चे, खेड्यातल्या जीवनाचे तेरा प्रसंग एका लांबलचक कॅनव्हासवर मांडणारे हुसेन यांचेच 'ग्रामयात्रा' हे तैलचित्र मात्र रंगवले त्याच वर्षी एका परदेशी डॉक्टरने विकत घेतले. अनेक दशके ते ऑस्लोच्या, म्हणजे मुंकच्याच शहरातल्या, एका रुग्णालयाकडे होते, आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरला, म्हणजे जवळपास ११८ कोटी रुपयांना विकले गेले. भारतीय आधुनिक चित्राला लिलावात तोवर मिळालेली ती सर्वोच्च किंमत होती.